अभंगावर रिव्हर्ब टाकला की सगळा चिखल का होतो?

साडेतीन_मात्रा:
मंडळी, जरा मदत करा. बाबांच्या आवाजात तीन अभंग रेकॉर्ड केलेत. डोंबिवलीतली दहा बाय अकराची बेडरूम, पंखा बंद, खिडकीवर दोन गोधड्या. कपाटाची दारं उघडी टाकून बाबांना आईच्या साड्यांकडे तोंड करून बसवलं, माइक वीतभर लांब. आवाज स्वच्छ आलाय, पण अगदी कानाशी बसून गातायत असं वाटतं. म्हणून आवाज, पेटी, पखवाज, टाळ, तानपुरा अशा पाचही ट्रॅकवर एका फुकटच्या प्लगिनमधला 'लार्ज हॉल' रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या सभागृहातलं घुमणं, टाकला. डिके (घुमणं विरायला लागणारा वेळ) ३.२ सेकंद, मिक्स (घुमलेल्या आवाजाचं प्रमाण) २५ टक्के.

आता शब्द कळेनासे झालेत. टाळ वाजला की मागून पत्र्याच्या डब्यात नाणी हलवल्यासारखं काहीतरी येतं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे तानपुरा बेसूर वाटतो. ॲपमधला तानपुरा बेसूर कसा होईल? आई म्हणाली, "ह्यांना बाथरूममध्ये बसवलं होतंस का?"

खर्ज७५:
कन्व्होल्यूशन रिव्हर्ब वापर. खऱ्या जागेत फुगा फोडून घेतलेला तिथल्या घुमण्याचा ठसा, म्हणजे आयआर, लाव, विषय संपला.

डावी_कणीक:
संपत नाही हो. पाच ट्रॅकवर आख्खा गोलघुमट जरी लावला तरी चिखल तो चिखलच.

साडेतीन, आधी पाचही काढून टाक. एकच रिव्हर्ब वेगळ्या बसवर (सामाईक ट्रॅकवर) ठेव, तिथे मिक्स १००, आणि ज्याला हवा त्या ट्रॅकवरून सेंड (आवाजाचा थोडा वाटा) दे. मंडळी एका जागी बसून गातायत असं वाटायला जागा एकच लागते.

टाळाचं दुखणं जुनं आहे. बेल लॅब्जमध्ये मानफ्रेड श्रोडरनी १९६० च्या सुमारास डिजिटल रिव्हर्बचा पाया घातला: चार कोंब (comb) फिल्टर, म्हणजे आवाज फिरवून फिरवून परत देणारे, समांतर, पुढे ते प्रतिध्वनी दाट करणारे दोन ऑलपास. सेकंदाला हजारेक प्रतिध्वनी झाले नाहीत तर कानाला ते सुटे सुटे ऐकू येतात, हेही त्यांनीच मांडलं. साध्या प्लगिनांचा सांगाडा अजून त्याच घराण्यातला. लांब स्वर त्याची विरळ वीण झाकून नेतो. टाळ झाकत नाही, कारण क्षणभराचा आघात आणि त्यात वरच्या फ्रिक्वेन्सी गच्च भरलेल्या. डिफ्यूजन (प्रतिध्वनींची दाटी) वाढव, हाय डॅम्पिंग (वरच्या फ्रिक्वेन्सी लवकर विरवणं) ४ किलोहर्ट्झच्या आसपास आण, टाळाचा सेंड नावापुरता ठेव.

तानपुऱ्याचा गुन्हेगार मॉड्युलेशन. ती धातूसारखी खणखण मोडायला आतल्या डिलेची लांबी सतत किंचित हलवत ठेवतात. लांबी हलली की सूर हलतो. जुन्या लेक्सिकन रिव्हर्ब यंत्रांच्या हॉलला जी मखमल आहे त्यात याचा मोठा वाटा, आणि सिंथवर ते झकासच लागतं. पण आपल्याकडे षड्ज अखंड चालू असतो. सरळ सूर आणि त्याचंच हलणारं शेपूट एकत्र वाजले की कान म्हणतो, कुणीतरी उतरलंय. पेटीचंही तेच. मॉड डेप्थ शून्य कर. मी व्हॅल्हालाचं व्हिंटेजव्हर्ब हे प्लगिन वापरतो, त्यात कलर 'नाऊ' ठेवून डेप्थ खाली आणतो. तानपुऱ्याला तर सेंडच देऊ नकोस. जवारी नीट असेल तर त्याची आस (तारेचा रेंगाळणारा नाद) त्याला पुरते.

आता शब्द. अभंग लार्ज हॉलमध्ये कोण गातं? डोळ्यांसमोर दगडी सभामंडप आण. समोरची भिंत १० मीटरवर धर. आवाज जाऊन परत येईपर्यंत २० मीटर, म्हणजे साधारण ५८ मिलिसेकंद. तेवढा प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीची उसंत) दे, डिके १.४ वर आण. प्री-डिले लयीला जुळवायचं ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती ठोके) हे गणित इथे चालवू नकोस. क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) गायलेलं नाही, शेवटच्या कडव्यात लय चढणारच. 'विठ्ठल' मधला 'ठ्ठ' सुटा ऐकू आला की हात थांबव.

आणि रिव्हर्बच्या आधी ईक्यू, म्हणजे नको त्या फ्रिक्वेन्सी कापणं. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओवाले एको चेंबरकडे (आवाज घुमवायच्या खोलीकडे) जाणारा सिग्नल ६०० हर्ट्झच्या खाली आणि १० किलोहर्ट्झच्या वर कापत, तेच उचल. नाहीतर पखवाजाचा 'धा' रिव्हर्बमध्ये शिरतो आणि पुढच्या 'धा'ला येऊन भिडतो. मी पखवाजाला कणीक लावणारा माणूस, हे बघवत नाही.

खर्ज७५:
बरं, फुगा परत घेतो. पण ५८ जास्त नाही का? आवाज एकीकडे आणि जागा दुसरीकडे असं नाही होणार?

डावी_कणीक:
टाळावर होईल, तिथे दोन ठोके ऐकू येतात. म्हणून तर त्याचा सेंड नावापुरता. गळ्यावर सहसा खपतं. खटकलं तर ४० वर या, तुमचा मंडप थोडा लहान.

साडेतीन_मात्रा:
काल रात्री बसलो. मॉड डेप्थ शून्य केली आणि तानपुरा जागच्या जागी सरळ झाला, मला खरंच हसू आलं. प्री-डिले ४५ वर थांबलो. टाळ अजून थोडा खणखणतो, पण सेंड उणे २२ डीबीवर नेल्यावर फक्त हेडफोनवर कळतो. आईला स्वयंपाकघरात फोनच्या स्पीकरवर ऐकवलं. ती पोळ्या लाटत होती, काही बोलली नाही, पण दुसऱ्या कडव्याला लाटणं थांबलं.

गोची वेगळीच झाली. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, तिसरा अभंग परत घे, अंतऱ्यात कोमल निषाद चढा लागलाय. मी इतके दिवस तोच अंतरा ऐकतोय, ३.२ सेकंदांखाली तो कधी कळलाच नाही. रविवारी परत गोधड्या.