मदत हवी आहे: 'घट्ट द्रावण' चूक का? उद्या पेपर आहे

मुलीने वहीत घट्ट द्रावण, पातळ द्रावण लिहिलं तर दोन्हीवर लाल फुली. मग पुस्तकातला शब्द कोणता? विरल, घनता, विष्यंदिता सगळ्याचा काला झालाय. प्लीज लवकर सांगा.

शेवंती: कितवीत आहे? सेमी असेल तर विज्ञान इंग्रजीतूनच असतं, हे शब्द लागणारच नाहीत.

धागाकर्ती: आठवी, मराठी माध्यम.

जुना_मास्तर: ताई, प्रश्न काय होता ते आधी लिहा, कशाला घट्ट म्हटलंय त्यावर सगळं आहे.

धागाकर्ती: दोन ग्लास पाणी, एकात एक चमचा मीठ, दुसऱ्यात पाच, तुलना करा.

जुना_मास्तर: मग पाच चमच्यांचं संहत आणि एकाचं विरल. मीठ द्राव्य, पाणी द्रावक, मिळून द्रावण. मिठाचं पाणी ओतून बघा, साध्या पाण्यासारखंच धो धो पडतं, ते घट्ट कुठंय? मध हळूहळू ओघळतो ती विष्यंदिता. घनता तिसरीच, तेल पाण्याहून घट्ट पण घनता पाण्याच्या 0.92 पटीच्या आसपास म्हणून वर तरंगतं.

रानवारा: संहत कुठून आलं, आम्ही तर तीव्र म्हणायचो.

जुना_मास्तर: बोलताना चालतं, पेपरात नको. तीव्र आम्ल म्हणजे पाण्यात ज्याचं जवळपास पूर्ण विचरण होतं, म्हणजे ते आयनांमध्ये तुटतं. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केलं तरी तीव्रच.

सुगरण_पुणे: पण गुलाबजामचा पाक? साखर जास्त आणि बोटांत धरला की तारही येते.

जुना_मास्तर: पाक संहतही आणि विष्यंदीही, घोळ तिथेच होतो. 20 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात साखर 200 ग्रॅमच्या आसपास विरघळते, मीठ जेमतेम 36, त्याहून जास्त टाकलं तर तळाशी बसतं. तेव्हा वरचं द्रावण संपृक्त.

बोअरवेल: आमच्या गीझरमध्ये क्षाराचा पांढरा थर बसतो, व्हिनेगरने निघतो, करून बघा.

रानवारा: अहो इथे कोणी गीझरचं विचारलंय का, पोरीचा पेपर आहे.

धागाकर्ती: म्हणजे संपृक्त म्हणजे संहतच ना?

जुना_मास्तर: नाही! चुन्याची निवळी बघा. तळाला चुना बसलेला, वरचं पाणी संपृक्त, पण 100 मिलीत विरघळलेला चुना पाव ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे संपृक्त असूनही विरल.

धागाकर्ती: हे एकदम कळलं. सासूबाईंच्या पानाच्या डब्यात चुना आहे, आत्ताच ग्लासात कालवून दाखवते तिला.

शेवंती: डोळ्यांना हात लावू देऊ नका फक्त.