घराण्याचा इतिहास: आधी जेनोग्राम काढा

निवृत्त थेरपिस्टने घराण्याचा इतिहास लिहायला घेतला तर सुरुवात वंशावळीने करावी का, असा प्रश्न पडतो. माझं मत जेनोग्रामला, म्हणजे चिन्हं आणि रेघांनी काढलेल्या कुटुंबाच्या नकाशाला. वंशावळ कोण कुणाचं एवढंच सांगते, जेनोग्राममध्ये नातं कसं होतं तेही दिसतं.

किमान ३ पिढ्या घ्या, पेन्सिलीनेच. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, मृत व्यक्तीच्या चिन्हात फुली. भावंडं डावीकडून उजवीकडे, थोरलं आधी. नागमोडी रेघ म्हणजे भांडण, तुटक रेघ म्हणजे दुरावा. गर्भपात आणि तान्ही गेलेली मुलं हमखास गळतात. दोन भावंडांत ७ वर्षांचं अंतर दिसलं, तर 'मधे कुणी होतं का?' एवढंच हळू विचारा आणि थांबा. ती शांतता भरून काढू नका.

खरी अडचण पुढे येते, ती व्यवसायाच्या सवयीची. गेलेल्या माणसाचं निदान करू नका. 'आजीला नैराश्य होतं' असं न लिहिता 'आजी वर्षभर केस विंचरत नव्हती, दार वाजलं की आतल्या खोलीत जायची' असं लिहा, आणि हे कुणी सांगितलं तेही नोंदवा.

क्लायंटच्या गोष्टी यात मिसळायच्या असतील तर नुसतं नाव बदलून भागत नाही. पेशा, आजार, भावंडांची संख्या एकत्र आली की माणूस ओळखू येतो. लेखी संमती नसेल तर तो प्रसंग गाळाच. गोपनीयतेचं बंधन निवृत्तीने सुटत नाही.