मदत हवी आहे: ड्राइव्हवे कोरडा, पण दारातल्या पायऱ्यांवरचा स्नो हलत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. शनिवारी ६ इंच स्नो पडला. ड्राइव्हवे, साइडवॉक आणि दारातल्या लाकडी पायऱ्या, तिन्ही मी त्याच दिवशी फावड्याने सारखेच साफ केले. सोमवारी दुपारपर्यंत डांबरी ड्राइव्हवे कोरडाठाक. काँक्रीटच्या साइडवॉकवर अजून पांढरे पट्टे. पायऱ्यांवर मात्र उरलेला थर तसाच, वर काचेसारखा पापुद्रा.

बाबा (वय ७४) साताऱ्याहून पहिल्यांदाच आलेत. काल तिथेच त्यांचा पाय सटकला. कठडा हातात होता म्हणून वाचले, पण आता दाराबाहेर यायलाच घाबरतात. मला फार वाईट वाटतंय. हा फरक का पडतो? शेजारीण म्हणते गरम पाणी ओत. ओतू का? की मीठ टाकू?

प्रतिसाद

ताई, गरम पाणी अजिबात नको! ते खालच्या पायरीवर जाऊन गोठतं आणि आणखी निसरडं होतं.

ताजा स्नो ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो. काळं डांबर उलट बहुतेक सगळं शोषतं. म्हणून एकदा डांबराचा हातभर तुकडा उघडा पडला की तो तापतो आणि कडेचा स्नो खात जातो. काँक्रीट फिकट, म्हणून मागे राहतं. शिवाय दोघांना खालून जमिनीची ऊब मिळते. पायऱ्यांखाली नुसती गार हवा. पूल रस्त्याआधी गोठतो तो याचसाठी. त्यात १ ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी लागतात; तेवढ्यात १ ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. तुमचं दार उत्तरेला आहे का? मग ऊनही नाही.

साधं मीठ उणे ९-१० सेल्सिअसखाली फारसं चालत नाही, आणि पायऱ्यांचे खिळे गंजवतं. प्लास्टिकचं फावडं फळीच्या रेषेत चालवा, वर वाळू भुरभुरा. त्यावर पाय सटकत नाही.

धागाकर्ती

हो, दार उत्तरेलाच आहे! वाळू आजच आणते. तोवर बाबांना गॅरेजमधून ड्राइव्हवेवर नेलं. दहा मिनिटं उन्हात उभे राहिले. वाळू टाकल्यावर बुटांचे तळवेही बघायला हवेत, त्यांचे अगदी गुळगुळीत आहेत. इथे ज्येष्ठांसाठी कसे बूट घेता तुम्ही?