क्लायंटला डिलिव्हरीची तारीख कशी सांगावी? सल्ला हवा

नवखा_कन्सल्टंट: चौघांची टीम. औषध वितरकासाठी ऑर्डरचं अँड्रॉइड अ‍ॅप, टॅलीतला जुना डेटा, एसएमएस ओटीपी. मालकांना दसऱ्याच्या मुहूर्तावर चालू हवंय, हातात १२ आठवडे. तारीख कशी सांगू? टूलसाठी महिना २,००० च्या वर नाही.

बगभाऊ: एकच तारीख कधीच देऊ नका. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्या. डेटा आणणं: सुरळीत झालं तर १० दिवस, बहुधा १५, फसलं तर ३२. १० अधिक १५ ची चौपट अधिक ३२, भागिले ६, म्हणजे १७. थोडी सवड धरून क्लायंटला १७ ते २१ दिवस सांगा.

प्रो_पीएम: जिराचा (कामांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर) पेड प्लॅन घ्या आणि पूर्णवेळ प्रोजेक्ट मॅनेजर ठेवा.

नवखा_कन्सल्टंट: दादा, २,०००.

स्प्रिंटकाकू: कोडिंगपेक्षा क्लायंटच्या कागदपत्रांत जास्त दिवस जातात. ओटीपीला डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांकडे करायची नोंदणी) त्यांच्याच नावाने लागते: आधी संस्था, मग हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), मग टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर). मंजूर मजकुरात एक शब्द बदलला तरी मेसेज ऑपरेटरकडे अडतो. प्ले स्टोअरवर कंपनीचं खातं काढायला डी-यू-एन-एस नंबर (कंपनीची ओळख पटवणारा क्रमांक) हवा, त्याला ३० दिवसही लागू शकतात. अर्ज आजच करायला लावा.

कोकणी_कोडर: मग वैयक्तिक खात्यावरून टाका की.

स्प्रिंटकाकू: नको. १३ नोव्हेंबर २०२३ नंतरच्या वैयक्तिक खात्याला किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात, त्यानंतर प्रॉडक्शनचा, म्हणजे अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करायचा अर्ज. शिवाय अ‍ॅप तुमच्या नावावर राहतं, पुढे ते वितरकाकडे द्यायचं वेगळंच काम.

देवनागरी_देव: एक तारीख देऊ नकाच. आणि करारात लिहा: टेस्टिंगचा अभिप्राय ५ कामाच्या दिवसांत, जितके दिवस उशीर, तितके दिवस तारीख पुढे. नवी मागणी आली की पैशांसोबत वाढणारे दिवसही लिहून मेलवर होकार घ्या. टॅलीत एकाच दुकानाची तीन लेजरं (खाती) निघतात, ‘मेडिकल’, ‘मेडिकल्स’, ‘मेडि.’. कुठलं खरं ते त्यांचा अकाउंटंटच सांगणार. त्याचे दिवस आधीच मागून ठेवा.

प्रो_पीएम: म्हणूनच मॅनेजर लागतो.

नवखा_कन्सल्टंट: सगळ्यांचे आभार. पण एकच तारीख देतोय. ‘१७ ते २१’ म्हटलं की मालक १७ च धरून बसतात. दसऱ्याला फक्त ऑर्डर आणि ओटीपी, जुना डेटा दिवाळीनंतर. डी-यू-एन-एस नंबरचा आणि डीएलटीचा अर्ज उद्या.

देवनागरी_देव: जुनी बिलं राहू द्या, पण चालू साठा बॅच आणि एक्स्पायरीसकट दसऱ्याआधीच आणा. नाहीतर संपलेल्या मालाच्या ऑर्डरी पडतील.