महिला दिनाचा फलक आणि लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर

बी २०४ (काका): आपल्या सोसायटीच्या ८ मार्चच्या फलकासाठी माधुरी कानिटकर यांचे नाव आले आहे. त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे; तथापि त्या सैन्यात डॉक्टर होत्या. अग्रणी स्त्री अधिकारी म्हणून १९९२ साली चेन्नईच्या सैनिकी अधिकारी प्रशिक्षण अकादमीत दाखल झालेल्या पहिल्या महिला तुकडीतील प्रिया झिंगन यांना मान द्यावा, असे वाटते.

ए ५०२: काका, प्रिया झिंगन यांचे नाव फलकावर हवेच. मात्र 'डॉक्टर होत्या' म्हणून कानिटकर मॅडमना मागे ठेवणे मला पटत नाही. आपल्या पुण्यातल्या वानवडीच्या एएफएमसीतून, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, शिकून १९८२ मध्ये त्या अधिकारी झाल्या, तेव्हा वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि परिचर्या सेवा सोडल्यास स्त्रियांना सैन्यात अधिकारी म्हणून प्रवेशच नव्हता. जी वाट खुली होती, तिच्यावरून चालत त्या २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. तिन्ही दलांत या दर्जापर्यंत पोहोचलेल्या त्या तिसऱ्या स्त्री. आणि आधीच्या दोघी, पुनीता अरोरा व पद्मा बंदोपाध्याय, यासुद्धा एएफएमसीच्याच विद्यार्थिनी.

त्यांचा विषय लहान मुलांच्या मूत्रपिंडाचे आजार. तो किती चिकाटीचा आहे, हे मी घरात अनुभवले आहे. माझा मुलगा चार वर्षांचा असताना सकाळी पापण्या सुजून उठायचा. नेफ्रोटिक सिंड्रोमचे, म्हणजे मूत्रपिंडांतून लघवीत प्रथिने झिरपण्याच्या आजाराचे, निदान झाल्यावर दोन वर्षे मी रोज सकाळी त्याच्या लघवीत पट्टी बुडवून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहत असे आणि वहीत नोंद करत असे. हिरवी छटा, म्हणजे प्रथिने, दिसली की पोटात गोळा यायचा. जवानांच्या घरीही अशी मुले असतात, आणि बदली झाली की ती वही घेऊन आईला नव्या गावी नवा डॉक्टर शोधावा लागतो. त्या मुलांसाठी सैन्याच्या रुग्णालयांतच असे उपचार मिळावेत म्हणून ज्यांनी विभाग उभारले, त्यांचे काम सैन्याचे नाही असे कसे म्हणायचे? एएफएमसीच्या अधिष्ठाता, ऐन करोनाकाळात तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांच्या समन्वयाची जबाबदारी आणि २०२१ मध्ये मिळालेले नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरूपद, हे सारे त्यानंतरचे.

बी २०४ (काका): ताई, वहीची गोष्ट मला ठाऊक नव्हती. दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी लावू. मजकूर तुम्ही लिहा. फक्त 'बालमूत्रपिंडविकारतज्ज्ञ' असे न लिहिता 'मुलांच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टर' असे लिहा, म्हणजे खाली खेळणाऱ्या मुलांनाही वाचता येईल.