बैठ्या माणसाचं बीपी: चालणं, वजनं की भिंतीची बैठक?

रानवारा:
काम बैठं, वर्षानुवर्षं व्यायाम नाही, वरचं बीपी १३५ ते १४०च्या घरात, गोळी अजून सुरू नाही. अशा माणसाने सुरुवात कशाने करावी? भिंतीला पाठ टेकून अर्धी बैठक धरली तर बीपी चालण्यापेक्षा जास्त उतरतं म्हणतात. खरं का? आणि करायचं नेमकं कसं?

कातळ:
खरं आहे. २०२३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. वरचं बीपी सरासरी किती उतरलं? चालणं, पळणं, सायकल यांनी साधारण साडेचार अंक. वजनांनीही तितकंच. दोन्ही प्रकार एकत्र करणाऱ्यांत सहा. हालचाल न करता स्नायू ताणून धरण्याने आठ; भिंतीची बैठक याच प्रकारातली. पण या शेवटच्या प्रकाराच्या चाचण्या फार कमी आहेत, त्यामुळे त्या आठाच्या भरवशावर चालणं सोडू नका.

कृती अशी. पावलं भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, खांद्यांइतक्या अंतरावर. पाठ टेकवून खाली सरका. मांड्या जमिनीला समांतर आणण्याचा हट्ट नवख्याने धरू नये. गुडघ्याचा कोन १३० अंशांच्या आसपास पुरे. २ मिनिटं धरा, २ मिनिटं विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. चौथ्या खेपेला मांड्या थरथरल्या तर ठीक, पण वेळेआधी उठावं लागलं तर बैठक फार खोल आहे. पुढच्या वेळी थोडं वर सरका. बीपीतला फरक दिसायला आठ-एक आठवडे द्या.

शेवंती:
यात सगळ्यात जास्त चुकतं ते श्वासाचं. जोर लावला की माणूस नकळत दम कोंडतो, छातीतला दाब वाढतो आणि बीपी उसळतं. पायांनी जड वजन ढकलताना कसलेल्या व्यायामपटूंच्या धमनीत थेट मोजलेलं वरचं बीपी ३००च्या वर गेल्याची नोंद आहे. म्हणून बैठक धरताना मोठ्याने आकडे मोजा; बोलणाऱ्याला दम कोंडता येत नाही. आराम करतानाच बीपी १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल, तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर. गुडघे दुखत असतील तर त्याऐवजी हाताने पकडीचं साधन दाबून धरा: पूर्ण जोराच्या ३० टक्के, तीच २ मिनिटं.

रानवारा:
आणि चालणं किती? चालून आल्यावर बीपी कमी दिसतं, तो फरक टिकतो का?

कातळ:
आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. सवय नसेल तर १० मिनिटांपासून. चालल्यावर रक्तवाहिन्या काही तास सैल राहतात, म्हणून आकडा कमी दिसतो. हा उतार एका दिवसाच्या आत ओसरतो, त्यामुळे आठवड्याची मिनिटं एकाच रविवारी उरकू नका. खरा आकडा हवा तर सकाळी, व्यायाम आणि चहाच्या आधी मोजा: ५ मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पावलं जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा.

शेवंती:
पुढे गोळी सुरू झालीच तर दोन गोष्टी. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी, असेल तर नाडी एरवीइतकी वाढत नाही, तेव्हा घड्याळातल्या ठोक्यांवरून जोर ठरवू नका, बोलण्याची कसोटीच लावा. आणि चालणं एकदम थांबवू नका. रक्त पायात साचतं, बीपी झपकन उतरतं, चक्कर येते. शेवटची पाच मिनिटं वेग कमी करत आणा.