मदत हवी आहे: ओपन सोर्स प्रोजेक्टच्या सन्मान उपक्रमाला नाव सुचवा, पोरकट नको

मंडळी, सांगलीत आम्ही काही जण मिळून एक छोटी पायथन लायब्ररी चालवतो, श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठंही वाचता येईल अशा रूपात आणायची. पैसे कुणालाच मिळत नाहीत, म्हणून मनापासून काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा नावाजायचं ठरलंय, सर्टिफिकेट, बॅज, साइटवर नाव वगैरे. सगळं ठरलं आणि नावावर घोडं अडलं.

पोरांनी निंजा, रॉकस्टार, हिरो असलं सुचवलं. अरे उद्या पुण्यात इंटरव्ह्यूला गेल्यावर रेझ्युमेत निंजा दाखवणार का? अ‍ॅम्बॅसेडर म्हटलं तर प्रचार करत फिरायचं काम वाटतं, आणि आमच्यात सगळ्यात जास्त राबणारी मुलगी चार लोकांत बोलत पण नाही, गिटहबवर (आमचा कोड जिथं ठेवलाय ती साइट) लोकांनी नोंदवलेल्या अडचणी म्हणजे इश्यू गुपचूप तपासते, डुप्लिकेट बंद करते, नवीन पोरांना उत्तरं देते, कोड फार कमी लिहिते. नाव तिलाही शोभलं पाहिजे, खरं तर तिलाच आधी.

बाकीच्यांचं बघितलं. मायक्रोसॉफ्टचं एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) 1993 पासून आहे, पण ते इतकं त्यांचं झालंय की आपण वापरलं तर नक्कल दिसेल. डॉकरवाले (सॉफ्टवेअर ‘कंटेनर’मध्ये बांधून चालवायचं टूल बनवणारे) कॅप्टन म्हणतात, त्यांच्या लोगोतच कंटेनर लादलेला देवमासा आहे म्हणून खपतं, आमचा कॅप्टन म्हणजे गल्लीतली क्रिकेट टीम. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचं फेलो मला आवडलं, साधं आणि भारदस्त, पण आपल्याकडे फेलो म्हटलं की पहिला प्रश्न, स्टायपेंड किती?

एका सरांनी शिलेदार सुचवलं. बारगीराला घोडा सरकारचा, शिलेदार स्वतःचा घोडा नि हत्यारं घेऊन येणारा, आणि आमची पोरं पण स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचं नेट, त्यामुळे बसतंय एकदम फिट. पण आमचे काही कॉन्ट्रिब्युटर केरळचे, एक नेपाळचा, त्यांच्या लिंक्डइनवर हे कुणाला कळणार? शिवाय इकडं मावळे-शिलेदार आता पतसंस्थेपासून जिमपर्यंत सगळीकडं झालेत.

माझं मत सध्या प्रोजेक्टचं नाव पुढं लावून ‘कम्युनिटी फेलो’ कडं झुकतंय. तुम्ही काय कराल? इंग्रजी नाव ठेवून सर्टिफिकेटवर खाली शिलेदार टाकलं तर गोंधळ होईल का? आणि गोल्ड-सिल्व्हर असल्या पायऱ्या ठेवाव्यात का, मला तर त्यात रुसवेफुगवेच दिसतायत.

सुचवताना ते नाव दुसऱ्या कुणाचं ट्रेडमार्क नाही ना, तेवढं बघा प्लीज. विश्रामबागचा एक मित्र बॅज डिझाइन करायला तयार बसलाय, रोज विचारतोय.